बारवेच्या पायऱ्या कोणी बुजवल्या?

जुन्या बारवा पाहत हिंडणाऱ्यांना एक दृश्य अधूनमधून भेटते. चिरेबंदी बांधकाम, भिंतीतील देवकोष्ठे, पाण्याकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि या साऱ्याच्या मधोमध विटा-सिमेंटची एक ओबडधोबड भिंत. कुठे तळाकडच्या पायऱ्या बुजवलेल्या, कुठे काठावर कठडा बांधून त्यावर लोखंडी रहाट बसवलेला. पाहणारा हळहळतो. गावाला किंमत नव्हती, सरकारला दृष्टी नव्हती, असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

पुष्कळदा तो निकाल योग्यही असतो. बारवा कचऱ्याने भरल्या गेल्या, त्यांचे चिरे उचलून नेले गेले, काही तर रस्त्याखाली गाडल्या गेल्या. परंतु अशा काही भिंतींमागे दुर्लक्षापेक्षा वेगळे कारण असू शकते, आणि ते स्थापत्याच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. ते कारण म्हणजे नारू.

(गावगाड्याचा अभ्यास करणाऱ्यांना ‘कारू-नारू’ ही जोडी ठाऊक असते. कारू म्हणजे बलुतेदार आणि नारू म्हणजे अलुतेदार. इथला नारू तो नव्हे.)

हा नारू म्हणजे दोऱ्यासारखा एक कृमी. पूर्ण वाढलेली मादी ६० ते १०० सेंटीमीटर लांब आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड असते. कातडीखालून सरकत ती बहुधा माणसाच्या पायापर्यंत येते आणि तिथे एक फोड उठतो. त्याची आग इतकी असह्य असते की माणूस पाय थंड पाण्यात बुडवतो. पाणी लागताच फोड फुटतो, मादीचे टोक बाहेर डोकावते आणि लाखो सूक्ष्म अळ्या पाण्यात सुटतात.

या अळ्या थेट कोणाला बाधत नाहीत. काही दिवसांच्या आत त्यांना सायक्लॉप्स नावाच्या पाणपिसवाने गिळले पाहिजे, एरवी त्या मरतात. सायक्लॉप्स डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो. त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे राहिल्यावर अळी बाधा करण्यायोग्य होते. ते पाणी कोणी न गाळता प्यायले की पोटातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळी मोकळी होते आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. तिथे नर-मादीचे मीलन होते, नर मरतो, मादी वाढत राहते. सुमारे एक वर्षाने पुन्हा फोड येतो.

म्हणजे नारूला जगण्यासाठी दोन गोष्टी एकाच पाणवठ्यावर घडाव्या लागतात. रोग्याचा पाय पाण्यात पडला पाहिजे आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात गेले पाहिजे. आडात हे घडत नाही. आडाला कठडा असतो, पोहरा दोरीने खाली जातो, माणूस वरच राहतो. वाहत्या नदीतही अळी आणि सायक्लॉप्स यांची गाठ सहसा पडत नाही. उथळ तळे आणि पायऱ्यांची विहीर ही मात्र नारूची हक्काची घरे होती.

येथे बारवेची रचना नीट समजून घेतली पाहिजे. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्याची पातळी वर्षभरात कित्येक हात खालीवर होते. भाद्रपदात काठाशी आलेले पाणी वैशाखात तळाला जाते. बारवेने या अडचणीवर दिलेले उत्तर अतिशय हुशारीचे होते. पाणी जिथे असेल तिथपर्यंत पायऱ्यांनी माणसाला न्यायचे. लांब दोर नको, रहाट नको, ओढणारे बळकट दंड नकोत. वाटसरू, म्हातारी बाई, घागर घेतलेले पोर, सगळे पाण्यापर्यंत पोहोचतात. बारव बांधणे हे पुण्यकर्म मानले गेले ते काही उगाच नव्हे.

आणि नेमक्या याच सोयीने पाय पाण्यात पडत होते. शेवटच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिल्यावाचून घागर भरत नाही. नारूचा फोड आलेली बाई रोजच्या पाण्याला गेली की तिच्याही नकळत साऱ्या आळीच्या पुढच्या वर्षाची बेगमी होऊन जाई.

ऋतूचे गणितही विलक्षण जुळत असे. चैत्र-वैशाखात बारवेत पाणी सर्वांत कमी, सायक्लॉप्स त्या थोड्या पाण्यात दाटलेले, आणि गावातील इतर पाणवठे आटल्यामुळे गर्दी सर्वांत जास्त. बाधा बहुधा याच दिवसांत होई. कृमी वाढायला सुमारे वर्ष घेतो, म्हणून फोडही पुढच्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर येई. मृगाचा पाऊस पडून वाफसा यावा आणि घरातील कर्ते माणूस त्याच वेळी खाटेवर असावे, हे नारूचे खरे दुखणे होते. या रोगाने माणूस क्वचितच दगावतो. तो आठवडे, कधी महिने, पाय टेकू शकत नाही. एकाच घरातील दोघे-तिघे एकदम आडवे झाले तर पेरणी टळते, आणि पेरणी टळली की सावकार येतो. मृत्यूंच्या आकड्यांवर लिहिलेल्या रोगांच्या इतिहासात नारूला जागा कमी मिळते, त्याचे कारण बहुधा हेच. पटकी आणि प्लेग यांनी माणसे मारली, म्हणून त्यांची दप्तरे जाडजूड झाली.

उपचार जगभर जवळपास एकच होता. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडेथोडे ओढत न्यायचे. घाई केली आणि कृमी आतच तुटला तर पाय सुजतो, पू होतो, धनुर्वाताचीही भीती असते. गावोगावी हे काम करणारी हातखंडा माणसे असत. (वैद्यकाचे बोधचिन्ह असलेला काठीला वेढलेला साप हा मुळात काडीला गुंडाळलेला नारूच होय, असे समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले जाते. कल्पना आकर्षक आहे, पुरावा नाही.)

पाणी प्यायल्याने नारू होतो हे पिढ्यानपिढ्या पाणी भरणाऱ्यांना उमगले कसे नाही, असा प्रश्न पडतो. त्यांना दोष देण्याआधी मधले अंतर पाहावे. या वैशाखात प्यालेल्या पाण्याचा परिणाम पुढच्या वैशाखात दिसतो. मधल्या काळात ना ताप, ना वेदना. वर्षापूर्वीच्या एका घोटाचा संबंध आजच्या फोडाशी जोडणे निरीक्षणाने जवळपास अशक्य होते. बाहेर येणारी वस्तू सजीव आहे की शरीराचाच भाग, याबद्दलही संभ्रम होता. संस्कृत वैद्यकाने तिला ‘स्नायुक’ म्हटले, अरबी वैद्यकाने ‘मदिनेची शीर’. दोन दूरच्या परंपरांना तो कृमी शरीरातील तंतूसारखा वाटावा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकातील प्रशिक्षित डॉक्टरांनाही हे कोडे सुटले नव्हते. मुंबईतील शल्यचिकित्सक आणि निसर्ग अभ्यासक हेन्री जॉन कार्टर यांनी १८५०च्या दशकात शहरातील तळ्यांमधील सूक्ष्म कृमी तपासले आणि तेच कातडीतून शरीरात शिरत असावेत असा तर्क मांडला. तळ्याशी संबंध त्यांनी बरोबर ओळखला होता, वाट चुकीची धरली. १८७०च्या सुमारास रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेन्को यांना तुर्कस्तानात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानच्या परिसरात, नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात आढळल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या बॅक्टेरियोलॉजिकल प्रयोगशाळेतही या रोगावर काम झाले आणि तेथील तुरखुड यांचे नाव नारूच्या संशोधनात नोंदले गेले. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात मूर्ती आणि स्वीट यांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडण्याचा उपाय अभ्यासला.

थोडक्यात, पहिल्या महायुद्धाच्या आसपास मूळ कारण कळले होते. भारतात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १९८३-८४ मध्ये. मधली सुमारे सत्तर वर्षे गेली कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर बुखारात सापडते. मध्य आशियातील या शहराला पाणी पुरवत असत ते ‘हौज’, म्हणजे दगडी पायऱ्यांची तळी. भिश्ती पायऱ्या उतरून मशका भरत आणि घरोघर पाणी देत. रचना वेगळी, तरी दोष आपल्या बारवेसारखाच. १९२०च्या दशकात सोव्हिएत डॉक्टर लिओनिद इसायेव यांनी तिथे घरोघरी रोगी शोधले, हौज उपसून कोरडे केले, पुष्कळसे कायमचे बंद केले. शहराला नळाचे पाणी आले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बुखारातून नारू गेला. औषध तेव्हा नव्हते, लस नव्हती. आजही नाही. नारू एकदा होऊन गेला तरी शरीरात प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आडवा होऊ शकतो. उपाय होता तो एकच, पाणवठ्याचे रूप बदलणे.

एका शहरातील हौज उपसणे शक्य होते. भारतात हजारो खेडी होती आणि प्रत्येक खेड्यात बारवेला पर्याय देणे म्हणजे नवे पाणी शोधणे. वसाहतकालीन आरोग्य खात्याचा हात खेड्यापर्यंत क्वचितच पोहोचे. लस टोचणारा माणूस वर्षातून एकदा येऊन जाऊ शकतो. विहीर बांधायला पैसा लागतो, जागा लागते आणि गावाचे एकमत लागते.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष अवघड होता. गावाचा पाणवठा कधीच सर्वांचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो सार्वजनिक पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी. ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता त्यांच्या वाट्याला डबकी, ओढ्यातील डोह आणि उघडी तळी येत. नारूच्या दृष्टीने हा भेद निरर्थक होता. गावकुसाबाहेरचा एक पाणवठा असुरक्षित राहिला तरी रोगाचे चक्र चालू राहते आणि तिथला रोगी दुसऱ्या पाण्यात उतरला की पुन्हा गावभर पसरते. म्हणून नारूचे निर्मूलन अर्धवट करता येत नाही. त्यात शेवटची वस्तीही मोजावी लागते. वस्तीला आधी पाणी द्यायचे की गावाला, हा जो वाद प्रत्येक योजनेत होत असे, त्याला या रोगाने एक अनपेक्षित शास्त्रीय बाजू दिली.

नवे पाणी आले ते जमिनीच्या पोटातून, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. दख्खनच्या कठीण काळ्या पाषाणात खोल बोअर घेणे यंत्रांमुळे शक्य झाले. १९७२च्या दुष्काळाने त्या कामाला निकड दिली. पण बोअरवर बसवलेले बिडाचे पंप टिकत नसत. ते मुळात परदेशात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. इथे सकाळपासून रात्रीपर्यंत सारे गाव त्यावर. काही महिन्यांत दांडा तुटे, आणि बायका पुन्हा बारवेची वाट धरत.

जालन्यातील स्कॉटिश मिशनच्या कार्यशाळेत या पंपाचे रूप बदलले गेले: बिडाऐवजी पोलाद आणि दांड्याला एकच भक्कम टेकू. त्यापुढची सुधारणा सोलापुरात झाली, तोच पुढे ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला गेला. युनिसेफच्या साहाय्याने १९७०च्या दशकात त्याच्यावर आधारलेला ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. भारतातील असंख्य खेड्यांत आणि पुढे आफ्रिकेतही दिसणारा हापसा तो हाच. जालना आणि सोलापूर, दोन्ही दुष्काळी मुलुखातली गावे. किल्ले आणि लढाया यांच्या यादीत या हापशाला स्थान मिळत नाही. ते मिळायला हवे.

हापशाने आणखी एक गोष्ट साधली. त्याच्या पाण्याला पाय लागूच शकत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छतेचे दशक म्हणून घोषित केले होते. त्याच पार्श्वभूमीवर भारताने नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रोगी नोंदले गेले. ७ राज्यांतील ८९ जिल्हे आणि १२,८४० गावे बाधित होती. महाराष्ट्र त्या सातांपैकी एक. शेजारची कर्नाटक, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरात ही राज्येही यादीत होती.

कार्यक्रमाची पद्धत दिसायला साधी होती. आरोग्य कर्मचारी वर्षातून ठरावीक वेळा घरोघर जाऊन विचारपूस करी. फोड दिसला की मलमपट्टी करायची आणि त्या माणसाला पाण्यात न उतरण्याविषयी बजावायचे. पाणवठ्यात टेमेफॉस नावाचे औषध लिटरला १ मिलिग्रॅम या मापाने टाकायचे. एवढ्याने सायक्लॉप्स मरतात, माणसाला अपाय होत नाही. घराघरांत नायलॉनच्या बारीक जाळीची गाळणी द्यायची. पाणी उकळण्याइतके सरपण दुष्काळी गावात कुठून येणार? गाळणे मात्र प्रत्येकीला जमण्यासारखे होते. दुहेरी घडीचे दाट कापडसुद्धा सायक्लॉप्स अडवते.

आणि जिथे बारव हाच मुख्य पाणवठा होता तिथे तिचा आड करायचा. पायऱ्यांची वाट भिंतीने बंद करायची, काठावर कठडा घालायचा, वर रहाट बसवायचा. बारवेतील ती ओबडधोबड भिंत याच कामाची असू शकते.

हे बदल गावांनी निमूट स्वीकारावेत अशी अपेक्षा करणे चूक होते. पूर्वजांनी पुण्यार्थ बांधलेल्या, देव बसवलेल्या विहिरीची वाट बुजवायला कोण सहज राजी होईल? पाण्यात औषध म्हणजे विष अशी शंका असे. शिवाय पायऱ्या बंद झाल्या म्हणजे दोर आणि पोहरा आला, आणि ओढण्याचे श्रम बहुतांशी बायकांच्याच खांद्यावर. आरोग्याच्या अहवालांत ‘विहिरींचे रूपांतर’ असे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांत एका पिढीतील स्त्रियांच्या वाढलेल्या कष्टांची नोंद नाही. राजस्थानच्या दक्षिण भागात १९८६ पासून चाललेल्या प्रकल्पाने हे ओळखले. तिथे गावातील स्त्रियांनाच हापसा दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले. पंप बंद पडला की सर्वांत आधी अडचण ज्यांची होते त्यांच्याच हाती पान्हा देणे, हा त्या साऱ्या मोहिमेतील सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

रोगी झपाट्याने कमी होत गेले. तमिळनाडू सर्वांत आधी मुक्त झाले. अखेरच्या वर्षांत उरलेली बाधित गावे बहुतांशी राजस्थानात होती. रोग दुर्मीळ झाला तसे नवा रोगी कळवणाऱ्याला रोख बक्षीस देण्यात येऊ लागले, कारण शेवटचा रोगी शोधणे हे पहिल्या हजारांपेक्षा कठीण असते. भारतातील शेवटच्या रोग्याची नोंद जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हणून प्रमाणित केले. जगात १९८०च्या दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारे ३५ लाख माणसांना नारू होत असे. अलीकडे हा आकडा दोन अंकांवर आला आहे आणि उरलेला रोग आफ्रिकेतील मोजक्या देशांत आहे. चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होऊ लागल्याने अखेरचा टप्पा रेंगाळला आहे.

आता पुन्हा बारवेकडे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात तरुणांनी बारवा उपसून, झाडोरा काढून, दिवे लावून त्या पुन्हा लोकांसमोर आणल्या. हे काम मोलाचे आहे. त्या कामात सिमेंटची भिंत आडवी आली की ती पाडण्याचा मोह होतो, आणि बहुतेक ठिकाणी ती पाडायला आज हरकतही नसावी. देशात रोगीच नाही, त्यामुळे पाय पाण्यात पडला तरी नारू पसरणार नाही.

फक्त पाडण्याआधी थोडे थांबून ती भिंत वाचावी. जोड चुन्याचा आहे की सिमेंटचा? पायऱ्या मातीने भरल्या आहेत की वाट तेवढी अडवली आहे? कठड्यावर रहाटाचे खांब आहेत का, दोराने घासलेल्या खुणा आहेत का, सिमेंट ओले असताना कोणी वर्ष कोरले आहे का? हापसा बारवेपासून किती अंतरावर आहे आणि तो आधी आला की भिंत आधी? ग्रामपंचायतीच्या जुन्या ठराववह्या आणि जिल्हा परिषदेची कागदपत्रे पाहिली तर एखाद्या बारवेचा आड कोणत्या साली झाला हे निश्चित करता येईल. शिलालेख वाचणारे कष्ट घेतात, तेवढेच कष्ट याला पुरेत.

कागद नसले तरी माणसे आहेत. १९८४ साली जे शाळकरी होते ते आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. काडीला गुंडाळलेला नारू त्यांनी आईच्या किंवा आजोबांच्या पायावर पाहिलेला असू शकतो. बारवेवर गेल्यावर बांधकाम कोणत्या राजवटीचे हे विचारले जातेच. त्याच माणसांना नारूविषयीही विचारावे, आणि सांगणाऱ्याचे वय, गावाचे नाव व तारखेसह ते लिहून ठेवावे.